धरण उशाला, मग पाण्याचा मीटर कशाला? भोर-वेल्ह्यातल्या पाणीपट्टीचं आणि लॉनचं गणित

एप्रिल महिन्यातला शनिवार. धरणाच्या बॅकवॉटरला लागून असलेल्या एका बंगल्यात सकाळपासून स्प्रिंकलर फिरतोय. पाहुणे यायच्या आधी लॉन हिरवंगार दिसायला हवं. त्याच डोंगराच्या वरच्या अंगाला असलेल्या वाडीत बायका हंडे मांडून टँकरची वाट बघत बसल्यात. दोन्ही ठिकाणांमधलं अंतर जेमतेम दोन-तीन किलोमीटर. भोर आणि वेल्हे तालुक्यांत उन्हाळ्यात फिरणाऱ्याला हे चित्र नवीन नाही.

इथल्या लोकांच्या तोंडी एक म्हण कायम असते, ‘धरण उशाला आणि कोरड घशाला’. मग प्रश्न पडतो, की उशाला एवढं पाणी असताना नळाला मीटर बसवायची गरजच काय? पाणीपट्टी नक्की कशाची भरायची? आणि आपल्या जागेत, आपल्या पैशांनी लावलेल्या लॉनला किती पाणी द्यायचं हे दुसऱ्याने का सांगायचं?

एकेक मुद्दा समजून घेऊ.

धरणं पाच, पाणी साठ टीएमसीच्या वर

आधी पाणी किती आहे ते पाहू. भोर तालुक्यात येळवंडी नदीवर भाटघर धरण आहे. आज दिसणारं धरण इंग्रजांच्या काळात, १९२८ साली पूर्ण झालं. गव्हर्नर लॉईड यांच्यावरून त्याला लॉईड डॅम म्हणत, आणि त्याच्या जलाशयाला आज येसाजी कंक यांचं नाव आहे. उपयुक्त साठा सुमारे २३.५ टीएमसी. त्याच तालुक्यात नीरा नदीवर नीरा-देवघर धरण आहे, सुमारे ११.७ टीएमसीचं. वेल्हे म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात पानशेत (सुमारे १०.६ टीएमसी), वरसगाव (सुमारे १२.८ टीएमसी) आणि कानंदी नदीवरचं गुंजवणी (सुमारे ३.७ टीएमसी).

बेरीज केली तर ६२ टीएमसीच्या आसपास जाते. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, म्हणजेच सुमारे २,८३२ कोटी लिटर पाणी.

आता गरज किती ते पाहू. २०११ च्या जनगणनेनुसार दोन्ही तालुक्यांची मिळून लोकसंख्या अडीच लाखांच्या आत होती. जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी माणशी रोज ५५ लिटर पाणी हे प्रमाण धरलंय. त्या हिशेबाने अडीच लाख लोकांना वर्षभर प्यायला आणि वापरायला लागणारं पाणी होतं साधारण ०.१८ टीएमसी. म्हणजे साठ्याच्या एक टक्काही नाही.

तरीही टँकर का लागतो?

पहिलं कारण असं, की ही धरणं मुळात या दोन तालुक्यांसाठी बांधलेलीच नाहीत. भाटघर आणि नीरा-देवघरचं पाणी वीर धरणात उतरतं आणि नीरेच्या डाव्या-उजव्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसकडे जातं. पानशेत आणि वरसगावचं पाणी खडकवासल्यात येतं, तिथून पुणे शहराला आणि पुढे कालव्याने दौंड-इंदापूरच्या शेतीला.

दुसरं कारण भूगोलाचं. धरण खाली दरीत आणि वाडी वर डोंगरावर. पाऊस धो धो पडतो, पण खाली काळा पाषाण आणि वर मातीचा पातळ थर, त्यात तीव्र उतार. पडलेलं पाणी मुरण्याआधी ओढ्याने खाली पळतं. वाडीला आधार असतो तो झऱ्याचा किंवा छोट्या विहिरीचा, आणि मार्च उजाडला की तो झरा आटतो.

त्यामुळे इथली अडचण पाणी असण्याची नाही, पाणी घरापर्यंत पोहोचवण्याची आहे. पाणीपट्टीचा सगळा विषय इथूनच सुरू होतो.

पाणी देवाचं, मग बिल कसलं?

पाणी आकाशातून फुकट पडतं हे खरं. पण ते नळातून यायचं असेल तर ते उचलावं लागतं, साठवावं लागतं, शुद्ध करावं लागतं आणि पाइपातून फिरवावं लागतं. या प्रत्येक गोष्टीला पैसे लागतात.

फक्त विजेचा हिशेब बघा. एक हजार लिटर पाणी १०० मीटर उंच चढवायला भौतिकशास्त्राच्या नियमाने साधारण पाव युनिटपेक्षा थोडी जास्त वीज लागते. पण कुठलाही पंप शंभर टक्के कार्यक्षम नसतो. पंप आणि मोटर मिळून निम्मी ऊर्जा वाया जाते असं धरलं, तर अर्ध्या युनिटपेक्षा थोडी जास्त वीज लागेल. युनिटचा दर ८ रुपये धरला तर हजार लिटरमागे साडेचार रुपये नुसत्या विजेचे झाले. वाडी २०० मीटर उंचावर असेल तर खर्च दुप्पट.

त्यावर टीसीएल पावडर, पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याचा पगार, जळालेली मोटर भरून आणण्याचा खर्च, फुटलेली पाइपलाइन, टाकीची साफसफाई. शिवाय गावाची योजना धरणातून पाणी उचलत असेल तर जलसंपदा विभागालाही पैसे द्यावे लागतात. हे दर महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण ठरवतं. २००५ च्या कायद्याने हे प्राधिकरण उभं राहिलं. या ठोक पाण्याची आकारणी घनमीटरवर होते आणि मंजूर कोट्यापेक्षा जास्त पाणी उचललं तर जादा दर लागतो.

म्हणजे गंमत अशी, की गावाला पाणी मोजून मिळतं आणि घराला न मोजता. मधल्या फरकाचा बोजा ग्रामपंचायतीवर पडतो. पंचायतीकडे पैसे नसले की वीजबिल थकतं, बिल थकलं की कनेक्शन तुटतं, आणि सगळ्यात आधी कोरडा पडतो तो पाइपच्या शेवटच्या टोकाचा नळ.

पाणीपट्टी कोण लावतं आणि कशी?

गावात हा अधिकार ग्रामपंचायतीचा आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ नुसार पाणीपट्टी दोन प्रकारची असते. सार्वजनिक पाणवठा किंवा नळावरून पाणी भरणाऱ्यांसाठी सामान्य पाणीपट्टी आणि घरात खासगी नळजोड घेतलेल्यांसाठी विशेष पाणीपट्टी. बहुतेक गावांत ही विशेष पाणीपट्टी वर्षाला ठरावीक रकमेची असते. घरात दोन माणसं असोत की दहा, नळ रोज एक तास चालो की चार तास, रक्कम तीच.

भोर शहरात नगरपरिषद आहे. तिथे पाणीपट्टी नगरपरिषद ठरवते.

बंगले घेणारे बरेच जण येतात पुण्यातून. पुणे शहरात निवासी घरांची पाणीपट्टी वर्षानुवर्षे मिळकतकराच्या बिलातच येते आणि ती घराच्या करपात्र मूल्याशी जोडलेली असते, वापरलेल्या पाण्याशी नाही. महापालिकेच्या समान पाणीपुरवठा योजनेत मोठ्या संख्येने मीटर बसवले गेले, पण लिटरवर बिल भरण्याची सवय शहराला अजून लागलेली नाही. त्यामुळे आपण महिन्याला किती पाणी वापरतो हे शहरातल्या बहुतेकांना माहीतच नसतं. तीच सवय घेऊन माणूस गावातल्या बंगल्यात येतो.

ठरावीक पाणीपट्टी कुणाच्या फायद्याची?

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, कुठल्याही गावाचे प्रत्यक्ष दर नाहीत.

समजा गावात प्रत्येक नळजोडाला महिन्याला १०० रुपये पाणीपट्टी आहे. पाच माणसांचं एक कुटुंब माणशी ५५ लिटरने महिन्याला ८,२५० लिटर पाणी वापरतं. त्यांना हजार लिटर पाणी पडलं साधारण १२ रुपयांना.

त्याच गावातल्या एका बंगल्यात तेवढंच घरगुती पाणी आणि वर पाच गुंठ्यांचं लॉन. लॉनला महिन्याला साधारण ७५ हजार लिटर. एकूण ८३ हजार लिटर. त्यांनाही बिल १०० रुपयेच. त्यांना हजार लिटर पडलं १ रुपया २० पैशांना.

म्हणजे जो जास्त वापरतो त्याला पाणी दहापट स्वस्त. ठरावीक पाणीपट्टी वरून सगळ्यांना सारखी दिसते, पण प्रत्यक्षात कमी वापरणारा जास्त वापरणाऱ्याचा खर्च भरत असतो.

आता तेच पाणी मीटरवर आणि टप्प्याटप्प्याने वाढणाऱ्या दराने मोजू. पहिल्या १० हजार लिटरला हजारी १० रुपये, पुढच्या १० हजारांना २० रुपये आणि त्यापुढे ४० रुपये. कुटुंबाचं बिल होईल साडेब्याऐंशी रुपये, म्हणजे आधीपेक्षा कमी. बंगल्याचं बिल होईल २,८२० रुपये. लॉनवर बंदी कुणीच घातली नाही, पण लॉनची किंमत लॉनवाल्याच्या बिलात दिसायला लागली.

मीटर काय सांगतो?

घरगुती नळाला साधारणपणे अर्धा इंची, म्हणजे १५ मिलिमीटरचा मीटर असतो. त्याच्यावरचे काळे आकडे घनमीटर दाखवतात. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर. बिलावर ‘युनिट’ लिहिलेलं असतं ते बहुधा हेच. लाल आकडे किंवा छोट्या लाल तबकड्या त्याखालचे लिटर दाखवतात. आजचे काळे आकडे वजा मागच्या महिन्याचे काळे आकडे, झाला महिन्याचा वापर.

मीटरचा दुसरा उपयोग गळती शोधण्याचा. रात्री झोपताना घरातले सगळे नळ बंद करा आणि मीटरवरचं छोटं चक्र बघा. ते फिरत असेल तर पाणी कुठेतरी जातंय. फ्लशची टाकी, छतावरच्या टाकीचा बॉलकॉक आणि जमिनीखालचा सांधा या तीन जागा आधी तपासायच्या.

नळाची बारीक धार पाच मिनिटांत एक लिटर भरत असेल, तर दिवसाला २८८ लिटर आणि महिन्याला साडेआठ हजार लिटरच्या वर पाणी जातं. वरच्या उदाहरणातल्या पाच माणसांच्या कुटुंबाचा महिन्याचा सगळा वापर जेवढा, तेवढी ही एक धार. मीटर नसेल तर ती कुणाच्या लक्षातही येत नाही.

मग मीटरला विरोध का होतो?

विरोधाची कारणं उगाच काढलेली नाहीत. ती समजून न घेता मीटर बसवले की ते वर्षभरात बंद पडतात.

पहिलं कारण हवा. पाणी दिवसाआड किंवा तासभर येत असेल तर मधल्या वेळेत पाइप रिकामा होतो. पाणी सोडलं की आधी हवा बाहेर पडते आणि ती मीटरचं चक्र फिरवते. लोकांची तक्रार असते, ‘नळाला पाणी नाही आणि मीटर पळतोय.’ ती बऱ्याचदा खरी असते. गाळाने मीटर अडकतो ते वेगळंच. म्हणून मीटरबरोबर हवा बाहेर काढणारे व्हॉल्व्ह, गाळणी आणि नियमित पुरवठा लागतो.

दुसरं कारण एकत्र कुटुंब. एका नळावर नऊ माणसं असली की वापर आपोआप वरच्या टप्प्यात जातो आणि महाग दर लागतो. तो दर लॉनसाठी ठरवलेला होता, नऊ माणसांच्या आंघोळीसाठी नाही. यावर उपाय सोपा आहे. स्वस्त टप्पा नळावर न ठरवता घरातल्या माणसांवर ठरवायचा.

तिसरं कारण विश्वासाचं. ‘आधी रोज पाणी द्या, मग मीटर लावा,’ असं लोक म्हणतात आणि त्यात चूक काही नाही.

चौथी अडचण टिल्लू मोटरची. काही जण नळालाच मोटर लावून पाणी ओढतात आणि पुढच्या घरांचा दाब जातो. मीटर ओढलेलं पाणी मोजतो, पण पुढच्याला कोरडं ठेवण्याचं नुकसान मोजत नाही. ते ग्रामपंचायतीलाच थांबवावं लागतं.

जवळचं उदाहरण : मलकापूर

हे जमू शकतं का, असं विचारणाऱ्यांसाठी उत्तर पुणे-बंगळुरू महामार्गावरच आहे. सातारा जिल्ह्यात कराडला लागून असलेल्या मलकापूरमध्ये २००९ च्या सुमारास चोवीस तास पाणीपुरवठा सुरू झाला. महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या मदतीने उभ्या राहिलेल्या या योजनेत घरोघरी मीटर आले आणि वापर वाढेल तसा दर वाढणारी आकारणी ठेवली गेली.

तिथली शिकण्यासारखी गोष्ट अशी, की मीटर आणि चोवीस तास पाणी एकत्र आले. पाणी कधीही मिळणार याची खात्री असली की लोक साठवून ठेवत नाहीत आणि शिळं म्हणून ओतूनही देत नाहीत. पाइपात कायम पाणी असल्याने हवेची अडचणही उरत नाही. लोकांना मीटरच्या बदल्यात काहीतरी मिळालं, म्हणून मीटर टिकला.

एक गुंठा लॉन किती पाणी पितं?

एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, साधारण १०१ चौरस मीटर. कडक उन्हाळ्यात हिरवळीतून आणि मातीतून दिवसाला पाच मिलिमीटरच्या आसपास पाणी हवेत उडून जातं. हिरवळ हिरवी ठेवायची तर तेवढं परत द्यावं लागतं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. म्हणून एक गुंठ्याला रोज सुमारे ५०० लिटर.

५५ लिटरच्या प्रमाणाने हे नऊ माणसांचं रोजचं पाणी झालं. पाच गुंठ्यांचं लॉन म्हणजे पंचेचाळीस माणसं, एक छोटी वाडीच. मार्च ते मे या तीन महिन्यांत एका गुंठ्याला ४६ हजार लिटर लागतात, म्हणजे दहा हजार लिटरचे साडेचार टँकर. दुपारच्या उन्हात स्प्रिंकलर चालवला तर उडून जाणारं पाणी धरून आकडा आणखी वाढतो.

याचा अर्थ बंगलेवाला माणूस वाईट असा नाही. या बंगल्यांवर गावातल्या कितीतरी घरांची चूल चालते. माळी, राखणदार, स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी, दूध, भाजी, किराणा. पण ५०० लिटर हा आकडा डोळ्यांसमोर आला की लॉन किती मोठं ठेवायचं याचा विचार माणूस वेगळ्या पद्धतीने करतो.

लॉनच्या पाण्यावर कायद्याने मर्यादा आहे का?

परदेशात असे थेट नियम आहेत. दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊन शहराने १ फेब्रुवारी २०१८ पासून माणशी रोज ५० लिटरची मर्यादा घातली आणि महापालिकेच्या पाण्याने बाग भिजवायला बंदी केली. अमेरिकेतल्या लास वेगास परिसरात नव्या घरांच्या दर्शनी भागात हिरवळ लावायला २००३ पासूनच मनाई आहे. २०२१ मध्ये नेवाडा राज्याने कायदा करून रस्त्याकडेची आणि कार्यालयांपुढची निव्वळ शोभेची हिरवळ २०२६ अखेर काढून टाकायला सांगितलं, स्वतंत्र घरांचं लॉन मात्र वगळलं.

केपटाऊनचा ५० लिटरचा आकडा जगभर बातमी झाला, कारण ती आणीबाणी होती. आपल्या गावांसाठी ५५ लिटर हे योजनेचं उद्दिष्ट आहे.

आपल्याकडे ‘लॉनला आठवड्यातून अमुक दिवसच पाणी’ असा नियम रुळलेला नाही. पण मर्यादा येतात त्या वेगळ्या वाटांनी.

पहिली वाट नळजोडाची. पिण्यासाठी दिलेल्या घरगुती नळाचं पाणी बागेला, पोहण्याच्या तलावाला किंवा भाड्याने दिल्या जाणाऱ्या व्हिलाला वापरायचं का, आणि त्याला वेगळा दर लावायचा का, हे ग्रामपंचायत नळजोडाच्या अटींत ठरवू शकते. ग्रामसभेत यावर चर्चा आणि ठराव होऊ शकतो.

दुसरी वाट भूजलाची. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेऊ नये, हे तत्त्व राज्यात १९९३ च्या कायद्याने आणलं. त्याची जागा पुढे महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम २००९ ने घेतली. या कायद्यात ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण २०० फुटांपेक्षा खोल विहिरीला ‘खोल विहीर’ मानलं आहे आणि तिच्यावर निर्बंधांची तरतूद आहे. बोअर हीसुद्धा कायद्याच्या नजरेत विहीरच.

तिसरी वाट टंचाईची. टंचाई जाहीर झाली की प्रशासन खासगी विहीर किंवा बोअर पिण्याच्या पाण्यासाठी अधिग्रहित करू शकतं. दर उन्हाळ्यात राज्यात असे आदेश निघतात.

चौथी वाट बांधकाम परवानगीची. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडावरच्या नव्या बांधकामाला पावसाचं पाणी साठवण्याची किंवा मुरवण्याची व्यवस्था करणं बंधनकारक आहे. पाच गुंठ्यांचा प्लॉट म्हणजे ५०० चौरस मीटरच्या थोडा वरच. त्यामुळे इथले बहुतेक बंगल्यांचे प्लॉट यात बसतात.

मीटर न पोहोचणारी जागा : बोअर

नळाला मीटर लागला आणि दर वाढला की बंगलेवाला काय करेल? बोअर मारेल. बोअरला मीटर नाही, बिल फक्त विजेचं.

काळ्या पाषाणात पाणी सगळीकडे सारखं नसतं. ते भेगांमध्ये आणि दोन थरांच्या मधल्या सांध्यात असतं. वरचा झरा, मधली विहीर आणि खालचा बोअर एकाच भेगेवर असतील तर खोल जाणारा पंप वरच्यांचं पाणी ओढून घेतो. हे कधी घडतं आणि कधी नाही, हे जागेवर भूजल तज्ज्ञाने पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. पण गावकऱ्यांना एवढं माहीत असतं, की शेजारी बोअर सुरू झाला आणि आपला झरा महिनाभर आधी आटला.

म्हणून नळाचा मीटर हा अर्धाच उपाय आहे. गावातले बोअर किती, कुठे, किती खोल, कुठल्या महिन्यात आटतात, याची साधी वही पंचायतीकडे असली तरी बरंच चित्र स्पष्ट होतं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने हेच वेगळ्या पद्धतीने केलं. पाऊस किती पडला त्यावरून गावात दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला जातो आणि कुठलं पीक घ्यायचं ते त्यावर ठरतं. प्यायचं पाणी आधी, बाकी सगळं नंतर.

छपरावर पडणारं पाणी

या दोन तालुक्यांच्या हातात एक गोष्ट आहे जी दुष्काळी भागाकडे नाही, ती म्हणजे पाऊस. वेल्ह्याच्या डोंगराळ भागात तो २,००० मिलिमीटर धरला आणि छप्पर १०० चौरस मीटरचं असलं, तर त्यावर वर्षाला दोन लाख लिटर पाणी पडतं. वीस टक्के वाया गेलं तरी एक लाख साठ हजार लिटर हाताशी येतं. सगळं साठवणं परवडणार नाही, पण चाळीस-पन्नास हजार लिटरची टाकी बांधली तर एका गुंठ्याच्या बागेचा उन्हाळा तिच्यावर निघू शकतो. उरलेलं पाणी खड्ड्यातून जमिनीत मुरवता येतं.

लॉन छोटं ठेवणं, बाकी जागेत करवंद, जांभूळ, आवळा अशी इथलीच झाडं लावणं, झाडांना ठिबक आणि पालापाचोळ्याचं आच्छादन करणं, पाणी सकाळी लवकर किंवा संध्याकाळी देणं आणि आंघोळीचं-धुण्याचं पाणी गाळून बागेला वळवणं, हे उपाय नवीन नाहीत. उन्हाळ्यात हरळी पिवळी पडली तर पडू द्यावी, पहिल्या पावसात ती पुन्हा हिरवी होते.

प्लॉट किंवा बंगला घेण्याआधी काय विचारायचं?

१. नळजोड ग्रामपंचायतीचा आहे की फक्त बिल्डरच्या बोअरचा? पाणीपट्टीची पावती दाखवायला सांगा.

२. ग्रामपंचायतीत आकारणीच्या (नमुना ८) आणि मागणीच्या (नमुना ९) नोंदवहीत या मिळकतीची नोंद आणि थकबाकी काय आहे?

३. एप्रिल-मे महिन्यात पाणी कुठून येतं? हा प्रश्न विक्रेत्याला नाही, शेजारच्या वाडीतल्या माणसाला विचारा.

४. बोअर किती फूट खोल आहे, आणि सार्वजनिक विहिरीपासून किती लांब?

५. पावसाचं पाणी साठवण्याची व्यवस्था कागदावर आहे की जागेवर?

६. सोसायटीत प्रत्येक प्लॉटला वेगळा मीटर आहे का? नसेल तर महिन्याच्या मेंटेनन्समध्ये दुसऱ्याच्या लॉनचे पैसेही तुम्हीच भरत असता.

गावाने काय करायचं?

जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं आणि आता त्याची मुदत २०२८ पर्यंत आहे. या योजनेत गावातल्या कामांच्या खर्चाचा काही वाटा लोकवर्गणीतून अपेक्षित असतो. साधारणपणे १० टक्के आणि डोंगराळ, वनक्षेत्रातल्या गावांत ५ टक्के. पुढची देखभालही गावाचीच. म्हणजे योजना सरकारने बांधली तरी चालवायची आपल्यालाच आहे.

घरोघरी मीटर लगेच जमणार नसेल तर गाव तीन गोष्टींपासून सुरुवात करू शकतं. टाकीच्या तोंडाशी एक मोठा मीटर, म्हणजे रोज किती पाणी चढलं ते कळेल. प्रत्येक वाडीच्या फाट्यावर एक मीटर, म्हणजे कुठल्या वाडीला किती मिळालं आणि मध्ये किती गळालं ते कळेल. आणि घरगुती वापर सोडून बंगला, हॉटेल, रिसॉर्ट, कार्यालय अशा मोठ्या जोडण्यांना आधी मीटर. थोड्या जोडण्या, पण वापर मोठा. त्यानंतर जमाखर्च ग्रामसभेत वाचून दाखवायचा. वीजबिल किती, वसुली किती, तूट किती, सगळं.

मीटरने धरणाचं पाणी वाडीत येत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. धरणातला आपला हक्काचा वाटा मिळवणं ही वेगळी लढाई आहे. पण तो वाटा मिळवून, वीज जाळून, डोंगरावर चढवलेलं पाणी नंतर कुणाच्या नळात किती गेलं हे कुणालाच माहीत नसेल, तर शेवटच्या वाडीतले हंडे टँकरच्या रांगेतच राहतील.